सत्तर खारी पाणी

शहापूरच्या एस.टी. स्टँडमागे मोबाईलचा टॉवर उभा राहिला, त्याच आठवड्यात निमसे गुरुजी त्याची सावली मोजायला आले. सकाळचे नऊ वाजले होते. सावली रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीत शिरली होती आणि रसवंतीत गिऱ्हाईक बसलेलं होतं. गुरुजींनी टॉवरशेजारी एक हात लांबीची काठी उभी केली, तिची सावली बोटांनी मोजली, मग कमरेला गुंडाळलेली सुतळी सोडली आणि टॉवरच्या पायथ्यापासून ते वाकून चालत निघाले. रसवंतीत शिरल्यावर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पाय उचला. सावली तुमच्या खालून गेली आहे."

लोकांनी पाय उचलले. रसवाल्याने चरक थांबवला.

टॉवरचं काम पाहणारा तरुण इंजिनीअर हे सगळं बघत उभा होता. त्याने विचारलं, "किती भरला, काका?"

"अठ्ठ्याऐंशी हात."

"मीटरमध्ये?"

"ते तुमचं तुम्ही काढा."

इंजिनीअरने मोबाईलवर आकडे दाबले. "चाळीस. बरोबर आहे. पण काका, ते तर बोर्डावर लिहिलंय."

"बोर्ड बरोबर आहे की नाही, ते पाहायला आलो होतो," गुरुजी म्हणाले आणि सुतळी गुंडाळू लागले.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा शहापूरचा वार्ताहर होतो. ही बातमी मी दिली नाही. टॉवर बोर्डावर लिहिला होता तेवढाच भरला, यात बातमी नव्हती.

निमसे गुरुजी किन्हवलीकडचे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या निरनिराळ्या प्राथमिक शाळांत त्यांनी नोकरी केली आणि नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले. निवृत्त शिक्षक सहसा पतपेढीत किंवा देवळाच्या समितीवर जातात. गुरुजी मागच्या शतकांत गेले. त्यांच्याकडे आजोबांची एक मोडी अक्षरांतली वही होती. आजोबा कुणा जमीनदाराकडे मोजणीचं काम करत. विहिरीत पाणी किती, खळ्यावरच्या राशीत भात किती, ओंडक्यातून फळ्या किती निघतील, भिंतीला विटा किती लागतील, सावलीवरून दिवस किती उरला, अशा सगळ्या रीती त्या वहीत होत्या. गणित पक्कं होतं. ज्या काळी गावात घड्याळ, वजनकाटा आणि टेप यांपैकी काहीच नव्हतं, त्या काळी ही वही तोंडपाठ असलेला माणूस एका सुतळीवर गावाची कामं निभावत असणार. अडचण एवढीच होती की गुरुजींच्या काळात या तिन्ही वस्तू किन्हवलीच्या बाजारात मिळत होत्या.

गुरुजींना ते मान्य नव्हतं. "आकडा तोंडात असावा लागतो. यंत्रात ठेवलेला आकडा परका असतो," असं ते म्हणत. पहाटे फिरायला जाताना ते औटकी म्हणत, म्हणजे साडेतीनाचा पाढा. अकरा औटे साडेअडतीस या ठिकाणी त्यांचं देऊळ येई. देऊळ आधी आलं तर चाल चुकली असं समजून ते मागे जात. रस्त्यात भेटलेल्या माणसाला नमस्काराऐवजी ते पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, विचारत. तालुक्यातले बरेच शिकलेले लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. न शिकलेल्यांना ती गरज नव्हती. "मला नाय येत," असं सांगून ते पुढे जात.

त्यांचं ज्ञान फुकट होतं, म्हणून लोकांनी ते वापरूनही पाहिलं. मुरबाडजवळच्या एका गावात लग्नाला तांदूळ किती शिजवायचा, हे त्यांना विचारण्यात आलं. गुरुजींनी वही काढली. माणशी किती मापं, बायकांना किती, मुलांना किती, याचं कोष्टक आजोबांनी लिहून ठेवलं होतं. त्या कोष्टकातला माणूस दिवसभर नांगर धरून जेवायला बसणारा होता. लग्नाला आलेली माणसं कल्याणला कारखान्यात आणि कचेऱ्यांत जाणारी होती. पंगती उठल्या तेव्हा तीन मोठे हंडे भात शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी गावाने तो शिळा खाल्ला, तिसऱ्या दिवशी गुरांनी खाल्ला, चौथ्या दिवशी गुरांनीही तोंड फिरवलं. नवरीचा बाप गुरुजींना जाब विचारायला आला.

गुरुजींनी कोष्टक पुन्हा तपासलं. "हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमची माणसं कमी जेवली."

एकदा मात्र त्यांचं कुणी हसण्यावारी नेलं नाही. किन्हवलीजवळ एका वजनदार पुढाऱ्याचं दहन होतं. लाकडं रचून झाली होती, भाषणं चालली होती. गुरुजी चितेभोवती सुतळी घेऊन एक फेरी मारून आले आणि मुलाच्या कानात म्हणाले, "पाव भाग कमी आहेत."

"गुरुजी, हितं तरी..." मुलगा कळवळून म्हणाला.

"वडिलांच्या मानाने कमी आहेत."

अर्ध्या तासाने लाकडांसाठी पुन्हा टेम्पो पाठवावा लागला. त्यानंतर त्या भागात कुणी गेलं की गुरुजींना निरोप लवकर जाई. ते याला गणिताचा विजय मानत.

दिवाळीनंतर ते खळी पाहत हिंडत. राशीभोवती सुतळी फिरवायची, परिघाचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून उंचीने गुणायचं. रास भिंतीला टेकलेली असेल तर परीघ दुप्पट धरायचा, कोपऱ्यात असेल तर चौपट. शेतकरी त्यांना राशीजवळ येऊ देत नसत, कारण पूजा झाल्याशिवाय रास मोजायची नाही हा रिवाज होता. "लांबून बगा, गुरुजी," एका म्हाताऱ्याने कोयता हातात ठेवूनच सांगितलं होतं. मग ते बांधावर उभे राहून डोळ्यांनी मोजत आणि कुणी विचारलं नसताना आकडा ओरडून सांगत.

हे सगळं असंच चाललं असतं आणि त्यात कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण एका उन्हाळ्यात आंब्याच्या पाड्यावरची जनीबाई त्यांच्या दारात आली.

आंब्याचा पाडा डोळखांबच्या वर आहे. कातकऱ्यांची वीस-बावीस घरं. दिवाळी झाली की हातीपायी धड माणसं वीटभट्टीवर जातात. मागे राहतात म्हातारी, आजारी आणि दिवस गेलेल्या बाया. एप्रिलात विहीर तळाला लागते. मग तासाभराच्या चढावर एक झरा आहे, तो उरतो. त्या वर्षी पाड्याला रोज दहा हजार लिटरचा एक टँकर मंजूर झाला. पहिल्या दिवशी टँकरबरोबर तालुक्याच्या कचेरीतले साहेब स्वतः आले, नारळ फुटला, फोटो निघाला. तो फोटो मीच काढला. विहीर कोरडी होती, टँकर तिच्यात रिता झाला आणि पाणी चढलं. त्या पाण्यात पाड्याचा दिवस निघाला. आठवड्याभरात मात्र पाणी दुपारीच संपू लागलं. टँकर वाटेत एका फार्महाऊसच्या फाटकात शिरतो, हे गुरं चारणाऱ्यांनी पाहिलं होतं. त्या फार्महाऊसच्या हिरवळीला उन्हाळा ठाऊक नव्हता. रजिस्टरवर मात्र रोज 'पूर्ण टँकर' अशी सही होत होती. ती सही टँकरच्या ठेकेदाराचाच माणूस खाली डोळखांबला करत असे.

जनीबाईला एक अर्ज लिहून हवा होता. गुरुजींनी फार पूर्वी दोन वर्षं पाड्याच्या शाळेत शिकवलं होतं. लिहिणारा दुसरा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता.

"सुनेला आठवा लागलाय," ती म्हणाली. "पानी पुरलं नाय तर तिला झऱ्याला धाडायला लागंल. मी एकटी किती आनू? अर्धा टँकर येतो, येवढंच लिवून द्या."

"अर्धा? कशावरून?"

"दिसतंय ना."

"दिसण्यावर अर्ज होत नाही. आधी मोजमाप."

दुसऱ्या दिवशी गुरुजी पाड्यावर पोहोचले. मीही गेलो. टँकर रिता करून बाळू ड्रायव्हर निघून गेला होता. बाया हंडे घेऊन विहिरीभोवती उभ्या होत्या. गुरुजींनी हात वर केला. "कुणी पाण्याला हात लावू नका. पाणी स्थिर होऊ द्या." ऊन चढलेलं होतं. बाया उभ्या राहिल्या. गुरुजी विहिरीभोवती सुतळी धरून फिरले, मग दगड बांधून ती आत सोडली, ओल कुठवर आली ते पाहिलं, पुन्हा सोडली.

जनीबाईने आपला पोहऱ्याचा दोर पुढे केला. त्याला एक गाठ मारलेली होती. "गुरुजी, हे बगा. सायब आलते त्या दिवशी मारलेली गाठ हाय. गाठ काठाच्या दगडाला लागली तवा पोहरा पान्याला टेकला. आता गाठ हातभर खाली जाते, तवा टेकतो."

"दोर भिजला की आटतो, वाळला की सैल पडतो," गुरुजी म्हणाले. "दोर हे मापनाचं साधन नव्हे." हे म्हणत असताना ते हातातली ओली सुतळी काठीवर मोजत होते.

जनीबाईने त्यांच्या सुतळीकडे पाहिलं. "तुमी मला पाऊनकी आली नाय म्हनून वर्गाबाहेर काढली व्हती. तवापासनं मी बाहेरच हाय."

"पाऊणकी आली असती, तर आज हा हिशोब तुझा तू केला असतास."

बायांत कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी वहीत लिहिलं. परीघ एकवीस हात. त्याला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणून तळाचं क्षेत्र पस्तीस. पाणी दोन हात. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात खोल खड्ड्यात मावेल त्याला जुन्या मापात एक खारी म्हणतात. एकूण पाणी सत्तर खारी. पूर्ण टँकरचं व्हायला हवं होतं एकशे पाच. तिसरा हिस्सा गायब होता. गणितात एका लोट्याचीही चूक नव्हती. गुरुजींनी तो आकडा जसाच्या तसा अर्जात लिहिला आणि अर्ज घेऊन ते तालुक्याच्या ठिकाणी टँकरचं काम पाहणाऱ्या कचेरीत गेले.

क्लार्कने अर्ज वाचला. "खारी? चहाबरोबर खातात ती?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खारी समजावली.

"आणि हात म्हणजे कुणाचा हात? तुमचा की माझा?"

या प्रश्नाची गुरुजी बहुधा आयुष्यभर वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून सातूच्या दाण्यांची पुडी काढली. आठ दाणे शेजारी शेजारी ठेवले की एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात. म्हणजे एकशे ब्याण्णव दाणे. क्लार्कच्या टेबलावरच्या फायली बाजूला सारून त्यांनी दाणे मांडायला सुरुवात केली. कचेरीतली माणसं कामं सोडून जमली. साठेक दाणे लागले असतील, तेव्हा बाहेरून उन्हातून आलेल्या शिपायाने येता येता पंख्याचं बटण दाबलं.

दाणे वेचायला लोकांनी मदत केली. अर्ज आठ दिवसांनी परत आला. शेरा होता : 'मोजमाप प्रचलित एककात नाही. लिटरमध्ये सादर करावे.'

लिटरमध्ये सादर करायला एक ओळ पुरली असती. गुरुजींनी चार पानांचा दुसरा अर्ज केला. त्यात खारी हे माप लिटरच्या कितीतरी आधीचं कसं, याचं विवेचन होतं. टँकरचा उल्लेख तिसऱ्या पानावर होता.

जनीबाई पुन्हा किन्हवलीला आली. "लिटर लिवा ना, गुरुजी. काय जातं तुमचं?"

"तत्त्व जातं."

"आमचं पानी जातं."

"बाई, आज मी लिटर लिहिलं, तर उद्या..."

"उद्या सून झऱ्याला जानार हाय," जनीबाई म्हणाली. "परवा गेलती, अर्ध्या वाटेत बसली. माझ्या पायात आता तिसरी खेप व्हत नाय." आणि ती उठली. दारातून जाताना तिने एवढंच विचारलं, "तुमच्या वहीत बाईचा हिशोब हाय का कुठं?"

गुरुजींनी मला नंतर सांगितलं की तसं कोष्टक आहे, लग्नाच्या पंगतीचं. तिथे बाई पाऊण धरली आहे.

दुसऱ्या दिवशी पाड्यावरून निरोप आला, म्हणून मी गेलो. टँकर रिता झाला होता, पण एकाही बाईने पोहरा सोडला नव्हता. सगळ्या टँकरच्या पुढे आणि मागे बसल्या होत्या. हंडे रिकामे होते. बाळू ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. "पाणी दिलंय ना, मग भरा की! मला दुसरी ट्रिप हाय."

"सायबाला बोलव," जनीबाई म्हणाली. "तवर कोन पानी काढनार नाय."

उन्हात तीन तास कुणी पाणी काढलं नाही. गुरुजी बारा वाजता पोहोचले, पुडी घेऊन. साहेब दोन वाजता आले. ते आले ते पत्रकार बसलेला आहे असं कळल्यामुळे, हे त्यांनी उतरताच सांगून टाकलं. गुरुजी पुढे झाले. "साहेब, जलमापनाची जी प्राचीन रीत..."

"गुरुजी, तुमचा अर्ज विचाराधीन आहे," साहेब म्हणाले.

जनीबाईने दोर आत सोडला. गाठ काठावरून खाली गेली आणि आणखी हातभर गेल्यावर पोहरा टेकला. "सायब, तुमी नारळ फोडला त्या दिवशी ही गाठ मारली. तवा गाठ काठाला व्हती. विहीर तीच, दोर तोच."

साहेबांनी दोराकडे पाहिलं. "असं दोरावरून कसं ठरवायचं? त्या दिवशी पाणी जास्त असेल."

"विहीर कोरडी व्हती. फोटू हाय यांच्याकडं." तिने माझ्याकडे हात केला. "येवढंच सांगा. त्या दिवशी तुमी आनलेला टँकर भरलेला व्हता का नव्हता?"

साहेबांनी पुन्हा गाठीकडे पाहिलं. नव्हता म्हणावं, तर त्यांनी स्वतः नारळ फोडून अर्धा टँकर आणला असं होत होतं. होता म्हणावं, तर गाठ खरी होती. बायांतल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला.

"भरलेला होता," साहेब म्हणाले.

"मग आजचा नाय."

त्याच संध्याकाळी हुकूम निघाला. टँकर पाड्यावर रिता होईल, गाठ काठाला लागेल, मगच रजिस्टरवर सही, आणि सही पाड्यावरच होईल. सही करणारा साक्षर हवा होता. पाड्यावर त्या महिन्यात साक्षर माणूस नव्हता. गुरुजींची नेमणूक झाली.

पुढच्या रविवारी मुरबाडला एका मंडळाने त्यांचा सत्कार केला. गुरुजींनी तासभर व्याख्यान दिलं. जनीबाईच्या गाठीला त्यात संस्कृत नाव मिळालं होतं आणि ती रीत वहीतच होती, असं त्यांनी सांगितलं. मी नंतर वही पाहिली. बाकी पानांवरची शाई काळी होती, त्या पानावरची निळी होती. माझ्या बातमीचा मथळा होता : 'निवृत्त शिक्षकाच्या गणिताने पकडली पाणीचोरी'. तीत जनीबाईचं नाव नव्हतं. मजकूर लांबला म्हणून मीच ते काढलं होतं.

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते मेच्या अखेरीस, पाड्याच्या विहिरीवर. काठावर छत्री उघडून ते बसले होते. मांडीवर रजिस्टर, हातात टोपण काढलेलं पेन. टँकर नुकताच रिता झाला होता. जनीबाईची सून पलीकडे सावलीत लुगड्याच्या झोळीला झोका देत बसली होती, आणि झोळीतून रडणं ऐकू येत होतं. जनीबाईने दोर सोडला, वाकून पाहिलं.

"चार बोटं कमी."

बाळू गुरुजींकडे वळला. "गुरुजी, तुमी शिकलेले. सांगा तिला. चार बोटं टँकरच्या तळात राहतातच."

गुरुजींचे डोळे चमकले. "चार अंगुळं म्हणजे हाताचा सहावा भाग. त्याला पस्तीसने गुणलं की..."

"गुरुजी," जनीबाई दोरावरून नजर न काढता म्हणाली, "सही नका करू."

गुरुजी थांबले. बाळूने शिवी गिळली, टँकरवर चढला, टँकर उतारावर थोडा मागे घेतला आणि नळ पुन्हा सोडला. पाण्याची धार विहिरीत पडू लागली. तळात राहतं असं सांगितलेलं पाणी बराच वेळ येत राहिलं.

"आता करू का?" गुरुजींनी विचारलं.

"थांबा जरा."

गुरुजी पेन तसंच उघडं धरून बसून राहिले.